बर्फातली तिरकी चीर

मित्रांनो, मी करवत आहे. म्हातारी, पाच फूट लांब आणि अजून सगळे दात शाबूत असलेली. फ्रिज नव्हते तेव्हा मिशिगनच्या गोठलेल्या तळ्यांतून मी बर्फाच्या लाद्या कापायचे. लोक म्हणत, हिच्यासारखी हीच. मग फ्रिज आले आणि मी खुंटीला लागले. शेवटी तिथल्याच नोव्हाय गावच्या नीलाने मला जुन्या बाजारातून उचललं आणि गॅरेजमध्ये टांगलं. तेही शोभेला! मला फार लागलं ते.

नीला मूळची नागपूरची. नदीत तेल सांडलं की ते अडवणाऱ्या पथकाची ती प्रमुख. यंदा संक्रांतीलाच एक टँकर उलटला आणि तेल नाल्यातून गोठलेल्या नदीत, बर्फाखाली शिरलं. दोन मैलांवर एक गाव याच नदीचं पाणी पितं. निघताना पंपवाल्या ऋषीने गंमत म्हणून मलाही गाडीत टाकलं.

अशा वेळी बर्फात तिरकी चीर पाडतात. तेल चिरेत वर येतं, सरकत काठाला लागतं आणि पंप ते ओढून घेतो. पंपाची गाडी उजव्या काठावर, म्हणून नीलाने चीर उजवीकडे उतरवली. तेल आलं, घुटमळलं आणि खालून निसटलं. त्यातच मोटरवर चालणाऱ्या करवतीची साखळी बर्फाने जाम झाली.

"नीला, ते under जातंय यार," ऋषी म्हणाला.

"चूक माझी. मी गाडीचा रस्ता बघितला, पाण्याची ओढ बघितलीच नाही. हळदीकुंकवाच्या भेळेचे चुरमुरे गाडीत आहेत, ते आण."

थोडं पुढे जाऊन त्यांनी बर्फाला भोकं पाडली. नीलाने वरच्या भोकात मूठभर चुरमुरे सोडले. ते पुढच्या, डाव्या काठाजवळच्या भोकात वर आले. प्रवाह तिकडे वळत होता.

"पंप पुलावरून डावीकडे ने," नीला म्हणाली, "आणि ती म्हातारी काढ."

म्हातारी म्हणजे मी! तेल बर्फाखाली रेंगाळतं, तेवढाच वेळ हाती होता. सगळ्यांनी आळीपाळीने मला ओढलं. लाद्या काढणं तर माझा जुना धंदा. चीर काठाला भिडली आणि काळंभोर तेल आलं, निमूट डावीकडे सरकलं. ऋषी पंपाजवळ चक्क नाचला. गावाचं पाणी वाचलं.

संध्याकाळी नीलाकडच्या भेळेत चुरमुरे नव्हते. "भेळ आहे की कोशिंबीर?" म्हणत बायकांनी तिची थट्टा केली. तिने हसत पहिलं हळदीकुंकू मला लावलं.

मित्रांनो, नदीला जपा आणि आम्हा जुन्यांना धार लावून ठेवा. गॅरेजमधली माझी खुंटी आता रिकामी आहे. मी गाडीत असते, पंपाशेजारी.