फवारा चढला

धाकटीचं बारसं झालं त्या साली, २०१७ मध्ये, उज्ज्वलानं पुण्यात शेतकऱ्यांसाठी संकेतस्थळ उभं केलं. माहितीतला शब्द न् शब्द सर्व्हर सूचीत मांडून ठेवी आणि विचारलेलं सूचीतूनच शोधी.

मोताळ्याहून वडील, देवमनराव, फोनवर म्हणाले, "का व, तुह्या मशीनले वऱ्हाडी समजते का?"

"शिकवीन, बाबा," ती हसली. ते राहूनच गेलं.

शेतात फवारणी केल्यावर बाबांना दवाखान्यात नेल्याचं कळल्यावर तिनं शोधांची नोंद उघडली. त्यांच्या फोनवरून तीनदा विचारलं होतं, ‘पऱ्हाटीवरचा फवारा चढला, काय करू’. सूचीत ‘पऱ्हाटी’ऐवजी ‘कापूस’ होता, ‘फवारा चढला’ऐवजी ‘विषबाधा’ होती. तिन्ही वेळा उत्तर गेलं होतं, ‘काही सापडलं नाही’.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी देवमनराव वारले.