कडुबाचा डबा

कडुबांनी चप्पल काढून बाजूला ठेवली आणि इंद्रजीतनं आखलेली फक्कीची रेघ टाचेनं पुसायला सुरुवात केली. रस्त्यावर लांबलचक ट्रेलर उभा होता. त्यावर रेल्वेचा जुना निळा डबा साखळदंडांनी आवळलेला होता आणि क्रेनवाला सावलीत तंबाखू मळत बसला होता. डबा एकदा टेकला की टेकला, पुन्हा फिरवायला मी यायचो नाही, असं त्यानं सकाळीच बजावलं होतं.

"बाबा, काय करताय?" इंद्रजीत धावत आला.

"तोंड फिरवतोय त्याचं."

मेघा सासऱ्यांच्या टाचेकडे बघत राहिली. इंद्रजीतची रेघ दौलताबादच्या किल्ल्याकडे होती. सगळ्या खिडक्यांतून किल्ला दिसावा, पर्यटकांनी हौसेनं मुक्कामाला यावं, असा त्याचा सरळ हिशोब होता आणि तो मेघालाही पटला होता. कडुबांची नवी रेघ मात्र रेल्वेच्या कुंपणाला खेटून, रुळांना समांतर चालली होती. स्टेशन जवळच होतं. समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला दुसरी गाडी इथं, कुंपणालगतच्या रुळावर, खोळंबून राहायची.

"तिथून गिऱ्हाईकाला काय दिसणार? मालगाडीची पोटं?"

"दिसू दे."

कारण विचारलं तर कडुबांनी फक्कीचं घमेलं उचललं आणि रेघ पुढं नेली.

लहानपणी याच रुळांकडेला शेळ्या राखताना त्यांनी एका गाडीच्या शेपटाला जोडलेला साहेबाचा खासगी डबा पाहिला होता. पुढची सगळी गाडी माणसांनी फुटायला आलेली, आणि मागं त्या डब्यात बनियनवरचा एक माणूस खिडकीशी निवांत चहा पीत चाललेला. असा एक डबा आपला पाहिजे, हे त्या दिवशी डोक्यात बसलं ते बसलंच. चिकलठाण्याच्या कंपनीतून फिटर म्हणून निवृत्त झाल्यावर भंगाराच्या लिलावात हा डबा हाती लागला. ओळखीच्या एका शेडमध्ये ठेवून त्यांनी तो स्वतः घडवला. बाकडी काढून पलंग बसवला, ओटा केला, खिडकीशी टेबल लावलं. मेघानं एकदा वेल्डिंगच्या सांध्यावरून बोट फिरवलं होतं. सांधा बोटाला लागलाच नाही. गाव मात्र हसत होतं. शेजारच्या चतुराबाई तर तोंडावर म्हणाल्या होत्या, जन्मभर डबा घेऊन कामाला गेला, आता म्हातारपणी डब्यातच जाऊन बसतो म्हणतोय.

"तू तरी सांग," इंद्रजीत बायकोला म्हणाला. "तुझं ऐकतात."

मेघा पुढं गेली. "बाबा, एवढं खेटून कशाला? थोडं मागं घेतलं तर?"

"मागं घेतलं तर गाडीच्या वरून आभाळ दिसंल. आभाळ नाय दिसलं पायजे, मेघा."

तिला कारण कळलं नाही. पण हा हट्ट नव्हता. हे उत्तर त्यांनी पुष्कळ दिवस मनात तपासून ठेवलेलं होतं. ती इंद्रजीतकडे वळली आणि डबा त्यांचा आहे, एवढंच म्हणाली. इंद्रजीतनं हातातला दोरीचा गुंडा जमिनीवर टाकला आणि क्रेनवाल्याला खूण केली.

उन्हं उतरली तेव्हा डबा नव्या रेघेवर बसला होता. कडुबांनी आत जाऊन ओट्यावर चहा टाकला आणि बायकोला, गीताबाईंना, बोलावणं धाडलं. त्या आल्या त्या मुठीत लिंबू घेऊनच.

"आई, हा डबा कुठं जात नाही," इंद्रजीत म्हणाला. दिवसभरात तो पहिल्यांदाच हसला.

"असू दे. गाडी ती गाडीच."

गीताबाईंना गाडी लागायची. एसटी असो, रिक्षा असो, पहिल्याच वळणावर पोट ढवळायचं. कडुबा दर वर्षी दीक्षाभूमीला एकटे जायचे आणि आले की तिथलं सगळं त्यांना बारकाईनं सांगायचे. गीताबाई ऐकून घ्यायच्या. त्यांनी मात्र नागपूर पाहिलं नव्हतं.

कडुबांनी त्यांना खिडकीशी बसवलं. तेवढ्यात मनमाडकडून आलेली गाडी कुंपणापलीकडे येऊन थांबली. डब्याच्या सगळ्या खिडक्या तिनं भरून टाकल्या. किल्ला नाही, झाड नाही, आभाळ नाही. कडुबांनी चहा गाळला, एक कप बायकोपुढं ठेवला आणि समोर बसले. पलीकडून एक गाडी धडधडत निघून गेली. मग भोंगा झाला.

गीताबाईंनी टेबलाची कड घट्ट धरली.

"अवं, हलली."

"हलू दे."

"कुणीकडं निघाली?"

बाहेरची गाडी संभाजीनगरकडे सरकत होती. कडुबांनी क्षणभर तिच्याकडे बघितलं.

"मनमाडकडं. तिथून नागपूर."

गीताबाईंनी लिंबू नाकाशी नेलं. मग बाहेरच बघत राहिल्या आणि हात हळूहळू मांडीवर आला. खिडकीतून माणसं, बॅगा, खिडक्या मागं मागं जात होत्या. "पोटात काईच व्हईना," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि कपाला हात घातला.

शेजारची गाडी हलली की आपली उभी गाडीच उलट्या दिशेनं निघाल्यासारखी वाटते, हे कॉलेजात अकरावीच्या पोरांना मेघा दर वर्षी फळ्यावर दोन गाड्या काढून शिकवायची. तिनं फक्त इंद्रजीतकडे पाहिलं. दारापाशी कप घेऊन उभ्या असलेल्या इंद्रजीतनं पाय फाकवले होते आणि तोल जाऊ नये म्हणून दुसऱ्या हातानं दाराची दांडी पक्की धरली होती.