उशाचा दिवा

वर्षाराणीच्या लग्नाच्या वर्षी, तिच्या अंगाची हळद उतरायच्या आत, तिचा आजा आश्रुबा परळीच्या एका दवाखान्यात तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क उपटत होता. तुळजाबाईनं नवऱ्याचं मनगट धरून ठेवलं.

"सोड. औत जुपायचंय. ऊन वर आलं."

बाहेर दिवेलागण झाली होती.

निमोनिया उतरत होता, पण सहा दिवस त्याचा डोळा लागला नव्हता. खाटेवरची ट्यूबलाईट अहोरात्र जळायची. डॉक्टर सांगून गेले होते, मास्क राहिला नाही तर सकाळी घशात नळी घालून मशीनवर ठेवावं लागेल.

"पोरी, ती लाईट मालव," तुळजाबाई नर्स स्वप्नालीला म्हणाली.

"आजी, पेशंट दिसायला नको का? आणि दिवेलागणीला लाईट बंद करायला सांगता?" स्वप्नाली म्हणाली.

"गावात ती यायची वाट बघतो, हितं जायची बघाय लागलो."

स्वप्नाली हसली, पण बटणाकडे गेली नाही.

"उशाला रातंदिस दिवा कुणाच्या ठेवत्यात, ठावं हाय का?"

स्वप्नालीचं हसू गेलं. मागच्याच वर्षी तिचे आजोबा वारले, तेव्हा त्यांच्या जागी दहा दिवस दिवा तेवत होता.

"माझा मानूस जित्ता हाय," तुळजाबाई म्हणाली. "तू न्हाई म्हन, मी स्टुलावर चढून काढते ती ट्यूब."

स्वप्नालीनं मॉनिटरचा आवाज वाढवला, खुर्ची खाटेला लावली, हातात बॅटरी घेतली आणि बटण दाबलं.

आश्रुबाचा हात अंधारात चाचपडला.

"दिवस मावळला का?"

"मावळला. बैलं बांधली म्या. झोपा आता."

सकाळी मास्क जागेवर होता. पुढच्या आठवड्यात आश्रुबा आपल्या पायानं जीपमध्ये चढला.

दोन वर्षांनी त्यानं घरात स्वतःच्या हातानं दिवा लावला आणि तेल घालत दहा दिवस तेवत ठेवला. वर्षाराणी माहेरी आली होती.

"आबा, आत जाऊन पडा. ह्या उजेडात झोप लागायची न्हाई तुमाला."

"न्हाई लागत," तो म्हणाला आणि वात पुढं सारली.

तुळजाबाई त्या माघात, दुसऱ्या सोमवारी सकाळी वारली.