डिकीतले बोंबील

सकाळपासून सोनूबाई तिसऱ्यांदा त्या इमारतीच्या पार्किंगमध्ये आली आणि तिसऱ्यांदाही गाडीची डिकी उघडली नाही.

वॉचमन भीमराजने पहिल्या वेळी तिला सलाम केला होता, दुसऱ्या वेळी नुसती मान हलवली होती. आता तो नाकाला रुमाल लावून बसला होता.

"मावशी, इथे काहीतरी मेलंय. उंदीर असणार."

"असेल," सोनूबाई म्हणाली. "पावसात मरतात."

मेलेलं होतं खरं, पण ते उंदीर नव्हते. ते तिचे स्वतःचे बोंबील होते. मार्चच्या उन्हात वर्सोव्याच्या किनाऱ्यावर दोरीला टांगून कडकडीत वाळवलेले. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारल्या की ताजी मासळी बंद, आणि सुक्या मासळीवरच तिचा धंदा चालायचा. पण यंदा घराची मागची भिंत ओल धरून बसली. बोंबलांवर पांढरी बुरशी चढायला लागली तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे एकच कोरडी जागा आली. लेकाच्या, निमेशच्या गाडीची डिकी. गाडीसाठी त्याने गावाजवळच्या या इमारतीत भाड्याने जागा घेतली होती. वर इमारत, खाली लादी, गाडीवर कापड. गावात कुणाच्या घरी एवढं कोरडं असतं?

गेल्या आठवड्यात ती बोंबील घेऊन आली, तेव्हा डिकीचं झाकण जरासं उघडंच होतं. फटीत एक गोणपाट खुपसलं होतं. कुणीतरी विसरलं असेल म्हणून तिने ते काढलं, त्यातच बोंबील गुंडाळले, आणि मांजरांचा उपद्रव नको म्हणून झाकण दोन्ही हातांनी दाबून नीट बंद केलं.

काल रात्री जेवताना तिचा नवरा धर्मा म्हणाला, "उद्या बॅटरी परत बसवतो. निमेश येतोय परवा. बरं झालं मी गोणपाट खुपसून ठेवलंय. या गाडीचं सगळं उलटं गो. डिकी पुढे, बॅटरी त्या डिकीत, न् डिकी उघडायची बटणाने, बटण चालणार बॅटरीवर. झाकण लागलं असतं तर वाटच लागली असती."

सोनूबाईचा घास तोंडातच राहिला. रात्रभर ती या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली.

गाडी जाऊ दे, तिला गाडीचं काय? पिवळी, बुटकी, आवाज करणारी. निमेश जहाजावर इंजिनात काम करायचा, वर्षातले चार दिवस घरी यायचा आणि तेवढ्यासाठी ही गाडी पोसायचा. तिला काळजी वेगळीच होती. निमेशने होडीवर यायला नकार दिला तेव्हा धर्माने होडी चुलतभावाला, गुणाजीला विकून टाकली, आणि त्या दिवसापासून बाप-लेक एकमेकांशी सरळ बोलले नव्हते. एकाच खोलीत बसून निमेश म्हणायचा, "आये, बाबांना सांग, छत्री घेऊन जा म्हणावं." धर्मा म्हणायचा, "सांग त्याला, मला डोळे हायत." मध्ये सोनूबाई. तिला वाटायचं, आपण टेलिफोनची तार झालोय.

मागच्या खेपेला मात्र निघताना निमेशने गाडीची चावी बापाच्या ताटाजवळ ठेवली होती. बोलला आईशीच, "आये, बाबांना सांग, गाडीकडे बघा जरा." पण चावी बापापुढे ठेवली होती. धर्मा आमटी ओरपत म्हणाला, "सांग त्याला, बघतो."

आणि त्याने बघितलं. त्याला माहीत होतं तसं बघितलं. होडी शाकारल्यावर तिची बॅटरी कुणी होडीत ठेवत नाही. ती काढून घरी आणायची, लाकडी फळीवर ठेवायची, अधूनमधून चार्जर लावायचा. जूनमध्ये त्याने या गाडीचीही बॅटरी तशीच काढून आणली. देव्हाऱ्याखालच्या फळीवर तिला बसवलं. दर रविवारी आंघोळ झाली की तो तिला चार्जर लावायचा, मग तिच्याकडे बघत चहा प्यायचा. सोनूबाईला कधी कधी हेवा वाटायचा.

आता ते सगळं बोंबलांनी मातीत घातलं होतं. निमेश येणार, गाडी बंद, वर हा वास. तो तोंडाने काही म्हणणार नाही. चावी तेवढी उचलून खिशात घालेल.

"भीमराज, एखादी सळई हाय काय रं?"

"मावशी, गाडी आहे ती, नारळ नाही."

तेवढ्यात फाटकात रिक्षा थांबली. धर्मा उतरला. तान्हं मूल धरावं तशी बॅटरी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली.

"तू इथे काय करतेस?"

सोनूबाईने पदर खोचला, सोडला, परत खोचला. धर्माची नजर झाकणाकडे गेली. त्याने बॅटरी खाली ठेवली आणि फटीवरून बोट फिरवलं.

"गोणपाट कुठाय?"

"आत."

"आत कसं गेलं?"

"बोंबलांना गुंडाळलं."

"कुठल्या बोंबलांना?" म्हणाला, आणि मग त्याच्या नाकाने त्याला उत्तर दिलं.

तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तो गाडीच्या चाकाशी उकिडवा बसला आणि झाकणाच्या फटीत नख घालून बघितलं. म्हणाला, "पहार आणतो."

"अवो, त्याच्या गाडीला पहार लावणार? त्याला फोन करा ना."

"तुझे बोंबील, तू कर."

तिने केला. निमेश सिंगापूरच्या विमानतळावर पुढच्या विमानाची वाट बघत होता. तिने बोंबील वगळून बाकीचं सांगितलं, आणि फोनचा स्पीकर लावून तो झाकणावर ठेवला.

"बॅटरी बाहेर आणि डिकी बंद?" निमेश म्हणाला. मग जरा थांबून, "आये, बाबांना सांग, ड्रायव्हरच्या पायाशी फ्यूजचा डबा आहे. चावीने दार उघडेल. त्या डब्यात लाल टोपीचा खिळा आहे, तो बाहेर ओढायचा."

"लाल काहीतरी ओढायचं म्हणतो," सोनूबाई धर्माला म्हणाली.

"कुठलं लाल? लाल सात हायत इथे."

"अरे, कुठलं लाल?"

"टोपीवालं, आये. मग बाबांना सांग, प्लसची वायर त्याला लावायची आणि मायनस—"

"मायनस कुठे विचार," धर्मा गाडीत डोकं घालून म्हणाला. "न् बटण आधी दाबायचं का मागून?"

"मायनस... अरे बटण... थांबा." सोनूबाईने फोन उचलला आणि धर्माच्या कानाशी नेऊन टेकवला. "मला नाय समजत. तुमचं तुम्ही बोला. मी मासे विकते."

फोनमधून विमानतळावरची कुठली तरी सूचना ऐकू आली.

"बोल," धर्मा म्हणाला.

"बाबा?"

"हं. मायनस कुठे?"

"दाराच्या कुलपाचा लोखंडी हुक आहे ना, त्याला. मग सीटजवळचं बटण."

धर्माने भीमराजकडून दोन वायरी मागून घेतल्या, लावल्या, बटण दाबलं. आत कुठेतरी टक् झालं, एक दिवा लुकलुकला आणि विझला. त्याने परत दाबलं. या वेळी टक् सुद्धा झालं नाही.

धर्मा सीटवर तसाच अर्धा आत अर्धा बाहेर बसून राहिला. सोनूबाई गाडीला एक फेरी मारून आली. दुसरी मारायला निघाली तेव्हा तो बोलला.

"मेली ही. मी दर रविवारी चार्ज केली. मीटरवर आकडा बरोबर दाखवायची, काम सांगितलं की बसली." मग हळू आवाजात, "माझ्या हातात मेली."

"तुमच्या हातात नाही, बाबा. गाडी घेतली तेव्हाच जुनी होती ती. त्यात गाडी सदा उभी. जाताना बदलायची होती मला, राहिलं."

"मग सांगितलं का नाय?"

"तुम्ही म्हणाला असतात, बॅटरी सांभाळता येत नाही आणि चालला गाडी घ्यायला."

धर्माने विचार केला. "म्हटलं असतं," तो म्हणाला.

सोनूबाईने मध्ये तोंड घालायला ओठ उघडले आणि मिटले.

"गुणाजीकडे आपली हाय," धर्मा म्हणाला. "होडीची."

"ती चालेल. बारा व्होल्टचीच ना?"

"मग काय चोवीसची? आणतो."

होडी विकल्यापासून धर्मा गुणाजीच्या उंबऱ्याला गेला नव्हता. दोघं रिक्षाने गेले. गुणाजी ओट्यावर जाळं शिवत बसला होता, धर्माने बॅटरी मागितली तेव्हा त्याने वर बघितलं.

"काय रं, होडी दिलीस न् आता बॅटरी परत नेतोस?"

"संध्याकाळी आणून देतो. निमेशच्या गाडीला पायजे."

"त्या पिवळ्या बेडकाला?"

"त्यालाच," धर्मा म्हणाला आणि हसला. गुणाजीने सुई बाजूला ठेवली आणि स्वतः उठून बॅटरी रिक्षात नेऊन ठेवली.

होडीच्या बॅटरीने एका दमात काम केलं. झाकण खट्कन उचललं गेलं आणि पार्किंगभर असा वास सुटला की भीमराज खुर्ची उचलून फाटकाबाहेर गेला. जाता जाता म्हणाला, "उंदरांचं कुटुंब होतं वाटतं." सोनूबाईने गाठोडं ओढून काढलं, गोणपाटासकट.

धर्माच्या खिशातला फोन वाजला. त्याने नाव बघितलं, मग बायकोकडे बघितलं. निमेशने बापाला फोन केला होता. तो कानाला लावायचा सोडून धर्माने गडबडीत स्पीकरच लावला.

"उघडली का?"

"उघडली."

"आत सगळं ठीक?"

सोनूबाई गाठोडं छातीशी धरून उभी होती. धर्मा म्हणाला, "ठीक हाय. मी जरा बोंबील ठेवले होते. घरात ओल येते."

पलीकडे निमेश हसायला लागला, थांबेचना. "माझ्या गाडीत बोंबील. बाबा, तुम्ही?"

"मग, रिकामी उभी होती."

"बाबा, नवी बॅटरी बसली की उद्या मला घ्यायला येता का? गाडी घेऊन."

"मला जमेल काय ती?"

"मासळीचा टेम्पो चालवायचात ना. त्याच्यापेक्षा सोपी आहे. फक्त खाली बसावं लागतं."

दुपारी धर्माने अंधेरीहून नवी बॅटरी आणून बसवली. पट्टा आवळला, हाताने हलवून बघितली, परत आवळला. गाडी सुरू झाली तेव्हा वरच्या मजल्यावरून कुणीतरी खिडकी लावली.

दुसऱ्या दिवशी तो इस्त्रीचा सदरा घालून निघाला. सोनूबाईनेही साडी बदलली होती. गाडीजवळ गेल्यावर दोघांच्या एकदमच लक्षात आलं की सीटा दोन आहेत.

"जाताना तू चल, येताना रिक्षा करू तुला," धर्मा ओशाळून म्हणाला.

"मी कशाला? घर कोण बघणार? जा तुम्ही."

ती घरी आली. भात टाकला, उतरवला. दारात गेली, आत आली. विमान उतरून बराच वेळ झाला होता आणि विमानतळ काही गोव्याला नव्हता. काय बोलत असतील? पहिल्याच वळणावर भांडले असतील, आणि मध्ये सांगायला कुणी नाही. तिने भांडी घासली, घासलेली परत घासली. मग राहवेना, तिने निमेशला फोन लावला.

"कुठे आहात रे?"

"आये, मढच्या रस्त्याला, जरा लांबून फिरून येतोय. बाबा चालवतायत." मागून धर्माचा आवाज आला, "कुणाचा हाय?" आणि लगेच, "अरे बघ, बघ, हिच्यात दम केवढा हाय बघ." निमेश घाईने म्हणाला, "आये, नंतर करतो."

फोन बंद झाला. सोनूबाई तो हातात धरून दारात उभी राहिली. मग आत जाऊन तिने भातावर झाकण ठेवलं, आणि परत दारात येऊन उभी राहिली.