मध्यंतरात उठून गेलेले आप्पा

मी एक जुनी सतरंजी आहे. बीड जिल्ह्यातल्या कडा या बाजारगावाच्या पुढे सात-आठ किलोमीटरवर एक गाव आहे, तिथल्या बिरोबाच्या देवळाची. बारा हात लांब, निळ्या-तांबड्या पट्ट्यांची. आता त्यातला निळा कुठला आणि तांबडा कुठला, हे मलाच सांगावं लागतं. तुम्ही म्हणाल, हिचं काय ऐकायचं, हिच्यावर तर येईल तो बसतो. बसतो, म्हणूनच ऐका. मित्रांनो, माणूस तोंडानं हवं तेवढं खोटं बोलतो, पण बसण्यात त्याला ते जमत नाही. हसू आलं की तो हातानं माझ्यावर थापा मारतो. कंटाळला की बूड हलवतो. आणि आतून रडत असला की बोटानं माझा एखादा दोरा उपसत बसतो. माझ्या कडा उसवल्यात त्या उंदरांनी नव्हे. या गावात माणसं किती वेळा चोरून रडली, त्याचा तो हिशेब आहे.

माझा जन्म सोलापूरकडच्या एका हातमागावर झाला. तिथून आप्पांनी मला एसटीच्या टपावर टाकून गावात आणलं. आप्पा म्हणजे मेंढरं राखणारा गडी, अंगानं काटकुळा, आवाज मात्र दोन शिवारं ओलांडून जाणारा. त्यांची बायको छबुबाई आदल्या वर्षी वारली होती. ही छबुबाई दर अमावस्येला देवळात भजनाला यायची. बाप्यांना पुढं पोती अंथरलेली असत, बायका मागं उघड्या मुरमावर. खडे टोचले की ती हसत म्हणायची, "बिरोबा, पुढल्या जलमी तरी बूड टेकायला धड जागा दे रं बाबा."

आमच्याकडे रीत अशी, की माणूस गेलं की वर्षश्राद्धाला त्याच्या नावानं देवळाला काहीतरी द्यायचं. कुणी घंटा देतं, कुणी ताटं-वाट्या. आप्पांनी मला दिलं. कड्याच्या पेंटरकडून माझ्या कोपऱ्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहून घेतलं, 'कै. छबुबाई यांच्या स्मरणार्थ'. आप्पांना अक्षरओळख नव्हती. पेंटरकडून त्यांनी ते तीनदा वाचून घेतलं आणि तरी 'नक्की हेच लिवलंय का' म्हणून वाटेत कंडक्टरला विचारलं.

सुरुवातीला माझा थाट काय सांगू. लग्न असो, सप्ताह असो, ग्रामसभा असो, आधी मी, मग मांडव. बायका हात फिरवून म्हणायच्या, काय गुबगुबीत हाय. कार्यक्रम उरकला की आप्पा यायचे. मला झटकायचे, देवळाच्या भिंतीवर ऊन द्यायचे, घडीत कडुलिंबाचा पाला घालायचे. आणि सबंध वेळ कोपऱ्यावर नजर ठेवून बसायचे. कुणी चपलेसकट पाय ठेवला की झालं. "चपला काढ बे. बापाच्या बरगडीवर पाय देतो का?" पाहुणा असो, पुढारी असो, आप्पांना सगळे सारखेच.

आता ऑइलपेंट ते किती टिकणार? अक्षरं चार-पाच वर्षांत झिजून गेली. आप्पांचा ओरडा तेवढा राहिला. नवी पोरं जन्मली, शाळेत गेली, त्यांना कोपऱ्यात नाव होतं हेच माहीत नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक, की देवळात एक किरकिरा म्हातारा आहे आणि तो सतरंजीवरून भांडतो. मग मुद्दाम चपला घालून माझ्यावरून धावायचं आणि आप्पांना पळवायचं, हा खेळच होऊन बसला. पुढं भाड्याच्या लाल खुर्च्या आल्या. मानाची माणसं खुर्चीवर गेली आणि मी म्हातारे, बायका आणि पोरं यांच्यापुरती उरले. त्याचं मला वाईट वाटलं नाही म्हटलं तर ते खोटं होईल.

एक गोष्ट फक्त मला आणि आप्पांना माहीत होती, असं आम्हाला वाटायचं. सगळे पांगले की घडी घालण्याआधी आप्पा त्या कोपऱ्यापाशी उकिडवे बसत आणि हळू आवाजात विचारत, "दमलीस का गं? लई माणसं बसली आज." बस, एवढंच. मग घडी. पण ते तिसऱ्या एकीलाही माहीत होतं. त्यांची नात सायली. ती सहा-सात वर्षांची असताना खांबाआड लपून हे बघायची आणि आप्पा वळायच्या आत पळून जायची. तिनं ते कधी कुणाला सांगितलं नाही. मनात मात्र जपून ठेवलं, आणि घात तिथंच झाला.

सायली बीडला कॉलेजात शिकली, तिथून नाटकाचं वेड घेऊन आली. गेल्या वर्षीच्या जत्रेसाठी तिनं एक नाटक लिहिलं, 'चपला बाहेर'. विषय काय, तर एक तिरसट म्हातारा. अर्धं हसवायचं, अर्धं रडवायचं, असा तिचा बेत. म्हाताऱ्याचं काम सिदूला दिलं. सिदूही मेंढरांमागचाच, पण नकला करण्यात पटाईत. तहसीलदारापासून बोकडापर्यंत कुणालाही सोडत नसे. आप्पांना मात्र नाटकात काय आहे याचा कुणी पत्ता लागू दिला नाही. सायलीची नाटकातल्या सगळ्यांना ताकीद होती, "आप्पांना काय बी सांगू नका. शेवटाला त्यांनाच इस्टेजवर बोलवायचंय."

हल्ली आमच्याकडे बिबट्याचं भय. त्यामुळे नाटक रात्रीऐवजी दुपारी चारला ठेवलं. पुढं मला अंथरलं, मागं खुर्च्या. सायलीनं आप्पांना हाताला धरून आणलं आणि माझ्या मधोमध बसवलं. त्यांनी नवं धोतर नेसलं होतं. नातीचं नाटक म्हणून स्वारी खुशीत होती. शेजारच्या साखराबाईला म्हणाले, "आमच्या सायलीनं लिवलंय सगळं. डोस्कं आजीवर गेलंय."

पडदा उघडला आणि सिदू आला. तसाच रुमाल, तशीच मान पुढं काढून चाल, आणि आल्या आल्या तोच आवाज. "चपला काढ बे." मित्रांनो, माझ्यावर एकदम शंभर थापा पडल्या. आयुष्यात मला कुणी एवढं बडवलं नव्हतं. "आरं, हे तर आपलं आप्पाच हायतं," कुणीतरी मागून ओरडलं आणि सगळ्या माना आप्पांकडं वळल्या. आप्पाही हसले. खरंच हसले, मला त्यांच्या हाताच्या दोन थापा कळल्या. आपली नक्कल व्हावी एवढे आपण मोठे, असंही त्यांना वाटलं असेल. सिदू पुढाऱ्याला झापतो, नवरदेवाला झापतो, बोकडाला झापतो, लोक लोळायला लागले. साखराबाई तर डोळे पुसत होती.

मग तो प्रवेश आला. मांडव रिकामा झालाय, म्हातारा एकटाच आहे. तो इकडं तिकडं बघतो, सतरंजीपाशी उकिडवा बसतो आणि हळूच विचारतो, "दमलीस का गं?"

सगळा मांडव फुटला. म्हातारा सतरंजीशी बोलतोय म्हटल्यावर लोक हसणार नाहीत तर काय करतील? त्यांना काय ठाऊक. "येड लागलं रं म्हाताऱ्याला," एकजण म्हणाला. पोरं शिट्ट्या मारायला लागली. माझ्यावर थापा पडत होत्या, आणि त्या थापांमध्ये एकच जागा अशी होती जिथं काहीच हलत नव्हतं. आप्पा बसले होते ती. त्यांचं अंग दगड झालं होतं. बोट माझ्या पट्टीत रुतलं होतं, आणि तिथला एक दोरा त्यांनी सावकाश उपसून काढला.

त्यावर पडदा पडला. मध्यंतर.

आमच्या गावात मध्यंतर म्हणजे सत्कार. नाटक पाऊण तासाचं असलं तरी सत्कार तासाचे. या साहेबांना फेटा, त्या साहेबांना शाल-नारळ, आणि ज्याला नारळ मिळाला त्यानं 'दोन शब्द' बोललेच पाहिजेत. दोन शब्दांत आजवर कुणी थांबलेलं मी ऐकलं नाही. सायली पडद्याआड सिदूचा रंग बदलत होती, तिला वाटत होतं आप्पा बसलेत. आणि आप्पा उठले. कडेला काढून ठेवलेल्या चपला त्यांनी घातल्या, आणि बाजूनं जायचं सोडून सरळ माझ्यावरून, त्या कोपऱ्यावरून चालत गेले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. साखराबाईनं हाक मारली, "आप्पा, कुठं निघालाव?" ते वळले नाहीत. तिला वाटलं, लघवीला गेले असतील.

दुसरा अंक मी तुम्हाला काय सांगू. त्यात म्हातारा त्या कोपऱ्यावरचं पुसलेलं नाव नातीला बोटानं दाखवतो. मुरमावर बसणारी बायको सांगतो. मांडवात टाचणी पडली तर ऐकू यावं अशी शांतता झाली. मघाशी शिट्ट्या मारणारी पोरं पाय आखडून बसली. मागं कुणीतरी गुपचूप चपला काढल्या, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनी. बायकांनी माझे किती दोरे उपसले त्याची मोजदाद नाही. शेवटी स्टेजवरची नात म्हाताऱ्याला म्हणते, "आप्पा, मी लहानपणी खांबाआडून तुमाला बोलताना ऐकलं. तवापासून आजवर एकदा बी मी चपला घालून आजीवर पाय दिला न्हाई." पडदा पडला, आणि लोक टाळ्या वाजवायचे विसरले. मग एवढ्या वाजल्या की पत्रे हादरले.

सायली माइकवर आली. "आमचे आप्पा इथं बसलेत, त्यांनी वर यावं." सगळे वळले. जागा रिकामी होती.

पुढचं मी साखराबाईच्या तोंडून ऐकलं. सिदू तसाच रंगासकट, त्याच रुमालात, धावत घरी गेला. आप्पा अंगणात बसले होते. समोर बघतात तर आपणच उभे. सिदू म्हणाला, "आप्पा, चला की, खरं नाटक तर तुमी बघितलंच न्हाई." आप्पांनी विचारलं, "हसून झालं का समद्यांचं?" आणि आत जाऊन पडले. सायलीनं पाय धरले. त्यांनी पाय काढून घेतले. "तुला सांगितलं नव्हतं मी कधी. तू चोरून ऐकलं, अन् गावाला ऐकवलं. बास." तिनं पुढचं सांगायला तोंड उघडलं की ते उठून मेंढरांकडं जात.

मला झटकायला कुणी आलं नाही. माझ्यावर चहा सांडला होता, शेंगांची टरफलं होती. आठ दिवस मी तशीच पडून. लोक आता मला वळसा घालून जात, चपला लांब काढत, पण ओरडणारं कुणी नव्हतं. शेवटी देवळाच्या मंडळानं ठरवलं, फाटली आहे, टाकून द्या. सायलीनं मला खांद्यावर घेतलं आणि शिवायला घरी नेलं. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा आप्पांच्या घरात गेले. छबुबाईच्या घरात.

थंडीत आप्पांच्या छातीत कफ धरला. कड्याच्या डॉक्टरनं दवाखान्यात ठेवा म्हटलं, आप्पांनी ऐकलं नाही. खाटेवर त्यांना गुदमरायचं, म्हणून सकाळच्या उन्हाला ओसरीत मला अंथरून माझ्यावर निजवत. मला बघून त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. हात मात्र आपोआप कोपऱ्याकडं गेला. साखराबाई रोज येऊन बसायची. एक दिवस ती स्पष्टच म्हणाली, "आप्पा, अर्धं जेवून ताट सारलंव तुमी. गोड तर पुढं व्हतं. पोरीला असं मारू नगा."

आप्पांनी वहीच्या फळीकडं एकदा बघितलं. मग सायलीला म्हणाले, "आण तुझी वही. वाच."

सायली धावत वही घेऊन आली. माझ्यावरच, त्यांच्या उशाशी बसली. आप्पा म्हणाले, "पुढचं वाच. मागचं बघितलंय मी."

आणि पोर म्हणाली, "न्हाई आप्पा, पहिल्यापासून ऐका. मधूनच घेतलं तर लागत न्हाई ते."

लिहिणारी ना ती. तिला वाटलं, आधी हसू द्यावं, मग रडवावं, मगच ते काळजाला भिडतं. तिनं पहिल्या पानापासून घेतलं. चपला काढ बे. पुढारी. नवरदेव. बोकड. बोकडाला आप्पांचं पोट जरा हललं, मला कळलं, ते हसत होते. तिलाही धीर आला. ती सिदूचा आवाज काढून वाचू लागली. मग तो प्रवेश आला.  "दमलीस का गं?" तिनं वाचलं.

आप्पांच्या बोटांत माझा एक दोरा होता. तो सुटला.

लोक म्हणतात, जीव गेला की देह हलका होतो. चूक आहे ते. मी सांगते, जड होतो. सगळं वजन एकदम खाली माझ्यात उतरलं. सायलीला वाटलं, डोळे मिटून ऐकतायत. तिनं पान उलटलं, दुसरा अंक सुरू केला. मुरमावर बसणारी आजी वाचली, कोपऱ्यावरचं नाव वाचलं, रडत रडत शेवटचं वाक्य वाचलं, आणि मग वाकून विचारलं, "आप्पा, ऐकलं ना?"

मी तिला काय सांगणार होते? मला तोंड आहे का?

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी तुम्हाला सांगणार होते. आमच्यातल्या सगळ्याच तेवढं सांगून थांबतात. पण मी झिजले, फाटले, त्याचं काही नाही. मला एवढंच म्हणायचंय, की ज्याच्यावर जीव आहे त्याला तसं आधी सांगा. शेवटासाठी राखून ठेवू नका. थट्टा मागून केली तरी चालते. मधे सत्कार असतात, आजार असतात, माणूस उठून जातो.

सायली परवाच माझा कोपरा शिवत बसली होती. सिदूला सांगत होती, "आप्पांनी सगळं ऐकलं. शेवटचं वाक्य झालं, अन् मगच गेले." सिदूनं मान हलवली. तिच्या हातात सुई होती आणि चेहरा शांत होता, खूप दिवसांनी. तुम्ही कधी आमच्या गावात आलात, तर तिला खरं सांगू नका.