बावीस स्टिकर

बाबा झोटवाड्याहून आले तेव्हा त्यांच्या पिशवीत खाकी कागदाची गुंडाळी, कात्री, लाल किनारीच्या लेबलांचं पाकीट आणि स्टीलच्या डबीत मैद्याची खळ होती. दरवर्षी असते. मला ते माहीत होतं, तरी मी फोन करून "यंदा हे काही आणू नका" असं सांगितलं नव्हतं. सांगायचं तर का आणू नका तेही सांगावं लागलं असतं, आणि अवघड बोलणं उद्यावर ढकलण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही.

बाबा म्हणजे भगवान महादू तायडे, रेल्वेतले निवृत्त सिग्नल फिटर, मूळचे मलकापूरकडचे. बदली होऊन ते जयपूरला आले तेव्हा मी वर्षाचा होतो. निवृत्तीनंतर त्यांनी इथेच झोटवाड्यात दोन खोल्या बांधल्या आणि आई गेल्यापासून तिथे एकटेच राहतात. मी, सुवर्णा आणि आमची मोनाली मालवीय नगरच्या फ्लॅटमध्ये. शाळा सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी बाबा बस बदलून येतात आणि नातीच्या वह्यापुस्तकांना कव्हरं घालून त्यांवर नाव लिहितात. माझ्या वेळी हे जुलैत व्हायचं, भरपूर सुट्टी खाऊन. आता एप्रिल उजाडला की शाळा. एका इयत्तेचा निकाल लागतो न लागतो तोच पुढची दारात उभी.

"आन वं मोने, वह्या आन," म्हणत बाबांनी फरशीवर वर्तमानपत्र पसरलं आणि मांडी घातली.

मोनालीने आतून पुठ्ठ्याचं खोकं ओढत आणलं. यंदापासून शाळेने ठरवून दिलं होतं की पुस्तकं, वह्या, कव्हरं, सगळं एकाच दुकानातून घ्यायचं. खोकं उघडलं तर आत बावीस वह्यापुस्तकं, प्रत्येकाला पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर आधीच चढवलेलं आणि त्यावर कोपऱ्यात रंगीत छापील स्टिकर.

"हे तं सगळं झालेलंच हाये," बाबा हसून म्हणाले आणि खळीच्या डबीचं झाकण त्यांनी परत लावलं. तेवढ्यावर निभावलं असतं तर बरं झालं असतं. पण बाबांना दिसेल ती अक्षरं वाचायची सवय आहे. त्यांनी चष्मा लावला, एक वही उचलली आणि इंग्रजी अक्षरं एकेक करून लावली. "मोनाली रतन. हे कोनाचं हाये? दुसऱ्या पोरीचं खोकं आलं वाट्टे."

"नहीं आबा, मेरा ही है."

"मंग आडनाव कुठी गेलं?"

मोनालीने माझ्याकडे पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या असलेल्या सुवर्णानेही पाहिलं. दुकानाचा स्टिकरचा फॉर्म भरताना तिने विचारलं होतं, पूर्ण नाव का नाही घालत, आणि मी तिला म्हणालो होतो, फॉर्मवर जागा कमी आहे. जागा भरपूर होती.

"छापणाऱ्याची चूक झाली असेल, बाबा," मी म्हणालो.

विचार करून म्हणालो असतो तर निदान खोटं बोलायला कष्ट तरी पडले असते. हे आपसूक आलं, जांभई येते तसं.

या खोट्यामागचं खरं सांगतो. मी सहावीत होतो. बाबांनी कट निबच्या पेनाने माझ्या प्रत्येक वहीवर लिहिलं होतं, राजरत्न भगवान तायडे. शब्दांमधली अंतरं पट्टीने मोजलेली. नवे गुरुजी वह्या तपासत माझ्यापाशी थांबले. "तायडे? ये तायडे कौन होते हैं?" मी म्हणालो, मराठी. "मराठी तो ठीक है. मराठी में क्या?" अख्खा वर्ग मान वळवून माझ्याकडे बघायला लागला. मला उत्तर येत होतं. घरी भिंतीवर तसबीर होती, चौदा एप्रिलला बाबा पांढरा शर्ट घालून मला खांद्यावर घेऊन मिरवणुकीत नाचलेले होते, मला सगळं येत होतं. मी म्हणालो, "पता नहीं, सर." वर्ग हसला. ज्याला स्वतःचं आडनाव काय आहे ते ठाऊक नाही, त्याला पोरं हसणारच.

त्या आठवड्यात मी चुइंगमसोबत मिळणारे क्रिकेटवाल्यांचे स्टिकर जमवले आणि वहीवहीवर, नेमके आडनावावर, चिकटवले. बाबांनी एकदा पाहिलं आणि रागावले, "एवढं झ्याक नाव लिहून देल्लं तं त्याच्यावर चित्रं कायले चिकटवते?" मी म्हणालो, सगळीच पोरं चिकटवतात. त्यांनी मान्य केलं. मुलांची हौस, म्हणाले. मोठेपणी राजरत्नचा मी राज रतन झालो. इकडे हे नाव कानाला इथलंच वाटतं, कुणी पुढचं विचारत नाही. ऑफिसात मी रतनजी. फ्लॅटमध्ये आल्यावर हॉलमध्ये लावलेली तसबीर पुढे आतल्या खोलीत गेली. बाबांना सांगितलं, हॉलमध्ये ऊन येतं, रंग उडतो. तेही त्यांनी मान्य केलं होतं.

मोनालीच्या लहान वर्गांत मी बाबांना हवं तसं लिहू दिलं. पण आता ती सहावीत गेली. शाळेच्या कागदपत्रांत तिचं पूर्ण नाव आहेच, पण ती कोण उघडून बघतं? वही सगळे बघतात. मी तिला वाचवतोय असं मी स्वतःला पटवलं होतं. कशापासून, ते कधी नीट म्हटलं नव्हतं.

"चूक हाये तं बदलून आनू," बाबा म्हणाले.

"राहू द्या हो बाबा. गर्दी असते तिथे."

"कायले राहू द्याचं? नाव हाये ते." मग ते मोनालीकडे वळले आणि दरवर्षी सांगतात ती गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली. त्यांच्या शाळेत एक पाटी होती आणि एकच पुस्तक, तेही चुलतभावाचं जुनं. शाळेची तयारी म्हणजे पाटी कोळशाने घासणं. हजेरीत बाकी पोरांच्या नावापुढे आडनाव होतं, बाबांच्या नावापुढे जात लिहिलेली. त्यांच्या बापाला, महादूला, सही करता येत नव्हती. तरी तो मजुरी बुडवून शाळेत गेला आणि हेडमास्तरांसमोर उभं राहून म्हणाला, पोराचं आडनाव तायडे आहे, ते लिहा. हेडमास्तर म्हणाले, उद्या ये. तो उद्या गेला. तिसऱ्या दिवशीही गेला. चौथ्या दिवशी हेडमास्तरांनी लिहिलं. "त्या दिवशी मायनं गुळाच्या पोळ्या केल्त्या," बाबा म्हणाले. मोनाली तोंडात वेणीचं टोक धरून ऐकत होती. मी मोबाइल बघत बसलो. त्यावर काहीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ऑफिसात सुवर्णाचा फोन आला. "बाबा खोकं घेऊन दुकानात गेलेत. मोनालीपण गेलीय सोबत. मी थांबवलं, पण इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते ते सकाळपासून." मग ती म्हणाली, "तुम्ही जा. मी नाही जाणार तुमचं निस्तरायला."

दुकान ऑफिसपासून स्कूटरवर दहा मिनिटांवर. वाटेत मी तीन वेगवेगळी स्पष्टीकरणं तयार केली, तिन्ही चांगली होती.

आत पालकांची रांग दारापर्यंत आली होती. बाबा काउंटरपाशी होते, खोकं समोर, पांढरा शर्ट, हात जोडल्यासारखे पोटाशी धरलेले. मोनाली त्यांच्याजवळ. मी मागे, पाण्याच्या बाटल्यांच्या रॅकपाशी थांबलो. माणसं बाजूला करत पुढे जायचं तर मधे फार तर आठ-दहा जण होते.

"भैयाजी, छपाईवाले से गलती हो गई," बाबा त्यांच्या हिंदीत सांगत होते. "लड़की का सरनेम छूट गया. होता है, सबसे होता है. बदलके दे दो, बस."

दुकानदार सकाळपासून वैतागलेला असावा. तरी त्याने फाइल काढली, फॉर्म शोधला आणि काउंटरवर ठेवून त्यावर बोट आपटलं. "बाबूजी, ये देखो. जो लिखके दिया, वही छापा है. हमारी क्या गलती?"

बाबांनी चष्मा पुसला, लावला आणि फॉर्म जवळ घेतला. खाली माझी सही होती, पण त्यांना सहीची गरज नव्हती. मला इंग्रजी अक्षरं त्यांनीच शिकवली, यार्डात उभ्या मालगाडीच्या डब्यांवरून. म्हणून माझी कॅपिटल अक्षरं अजून तशीच पडतात, ताठ आणि चौकोनी, जशी डब्यावर रंगवलेली असतात. ते कागद बराच वेळ धरून राहिले. मागची बाई म्हणाली, "अंकलजी, ज़रा जल्दी."

मग बाबांनी फॉर्म परत ठेवला आणि दुकानदारापुढे खरोखरचे हात जोडले. "माफ करना, भैयाजी. आपकी गलती नहीं. गलती हमारे घर की है. आपको खाली-पीली बोला."

"अरे, कोई बात नहीं, बाबूजी. चाहो तो नए छपवा दूँगा. क्या नाम लिखना है?"

"तायडे," बाबा म्हणाले. तेवढंच म्हणाले.

त्या मागच्या बाईने मोनालीकडे वाकून, अगदी प्रेमाने विचारलं, "बेटा, ये तायडे कौन होते हैं?"

मोनालीने जरा विचार केला. "पता नहीं, आंटी. पापा को पता है." असं म्हणून तिने उगाच मागे वळून पाहिलं आणि तिला मी दिसलो.

मी एक पाऊल मागे सरकलो, रॅकच्या आड. गुलाबी आणि निळ्या बाटल्यांच्या फटीतून मला तिचा एक डोळा दिसत होता. ती ओरडली नाही, "पापा" म्हणाली नाही. तिने आबांचा हात धरला आणि तोंड परत काउंटरकडे वळवलं. मी दुकानातून बाहेर पडलो, स्कूटर काढली आणि ऑफिसात जाऊन संध्याकाळपर्यंत काम केलं. लाज वाटत होती हे म्हणायलाही आता लाज वाटते, कारण लाज वाटणारा माणूस निदान पुढे तरी झाला असता.

घरी आलो तेव्हा बाबा फरशीवर मांडी घालून बसले होते. दुकानात नाव सांगूनही नवे स्टिकर त्यांनी छापायला दिलेच नव्हते. खोकं तसंच परत आणलं होतं. खळीची डबी उघडी होती, लाल किनारीची कोरी लेबलं रांगेत मांडलेली. त्यांनी एकावरही काही लिहिलं नव्हतं.

"दुकानवाल्याची चूक नव्हती," ते म्हणाले. "म्या माफी मांगून आलो त्याची."

"बाबा, मी..." वाटेत तयार केलेली तिन्ही स्पष्टीकरणं कुठे गेली कळलं नाही.

"तू सहावीत होता तवा," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "वह्याईवर क्रिकेटवाल्याईचे स्टिकर लावे. म्या समजलो, पोराले हौस हाये. पगार झाला का म्या तुले चुइंगम आनून देत जाओ, आठवते? स्टिकरासाठी."

आठवत होतं. दर महिन्याला मूठभर आणायचे. मी त्यांच्यासमोर फरशीवर बसलो.

बाबांनी कट निबचा पेन माझ्यासमोर ठेवला. "मायं अक्षर हालते आता. तूच लिही."

मोनाली येऊन माझ्या गुडघ्याशी बसली आणि पहिलं लेबल तिने माझ्यापुढे सरकवलं. दुकानातलं ती काहीच बोलली नाही. मी लिहिलं, मोनाली राजरत्न. मधे अंतर सोडलं आणि लिहिलं, तायडे. निब कागदावर थोडी अडली. स्वतःच्या हाताने कितीतरी वर्षांनी लिहिलं होतं, सह्यांतही मी ते एका आडव्या रेघेत संपवतो.

मोनालीने लेबलावर फुंकर घालून शाई वाळवली. मग माझ्या तोंडाकडे बघत तिने विचारलं, "पापा, ये तायडे कौन होते हैं?"

बाबांनी खळीचा हात वर्तमानपत्राला पुसला आणि तेही माझ्याकडे बघत राहिले.

"आपण," मी म्हणालो. पण आवाज इतका बारीक निघाला की ती जवळ सरकली आणि म्हणाली, "कौन?"