पुरेशी माहिती

“पहिलं विधान. दुकानात तीस शर्ट आहेत,” बाबांनी पुस्तक खिडकीकडे तिरकं धरून वाचलं.

बटण लावता लावता मुलीने डोकावून पाहिलं. “ऐंशी आहेत, बाबा! नीट वाचा ना. माझा सगळा हिशोब बोंबलतो.”

“बरं बाई, ऐंशी. दुकान तुझं, शर्ट तुझे.”

व्यवस्थापनाच्या प्रवेशपरीक्षेतले हे प्रश्न तिचे हुकमी. एक प्रश्न, त्याखाली दोन विधानं. उत्तर काढत बसायचं नाही. ते निघण्याइतकी माहिती आहे का, एवढंच सांगायचं. बाबांच्या शिवणाच्या दुकानात ती काजं-बटणं करी आणि बाबा मशीन थांबवून प्रश्न वाचून दाखवत. ही पद्धत त्यांचीच. रिकामे हात त्यांना खपत नसत.

हल्ली रोज सकाळी तिला सुया ओवून ठेवाव्या लागत. बाबा उंबऱ्याला ठेचकाळत, दारातलं गिऱ्हाईक आवाजावरून ओळखत. तिला कळत नव्हतं असं नाही. एकदा तिने विचारलंही, “डोळे दाखवून येऊ या का?”

“तुझी परीक्षा होऊ दे आधी. डोळे कुठे पळून चाललेत?”

तिला हायसं वाटलं. दवाखाना म्हणजे दिवस मोडणार, सराव बुडणार. थकवा असेल, अशी स्वतःची समजूत घालून तिने पुढचा प्रश्न घेतला.

परीक्षा झाली. निकाल असा लागला की बाबांनी रस्त्यातल्या अनोळखी माणसालाही थांबवून सांगितलं. मग दोघं डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

“काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची,” बाई म्हणाल्या. “घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?”

मुलीने तोंड उघडलं, पण बाबा आधीच बोलले. “कुणाला कळणार? मीच लपवलं. पोरगी बिचारी अभ्यासात.”

ते ‘बिचारी’ ऐकून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिना उतरताना ती म्हणाली, “बाबा, मला कळत होतं.”

“माहितीये मला,” कठडा चाचपत ते म्हणाले. “पायऱ्या संपल्या की सांग.”

कॉलेजच्या गावी निघायच्या सकाळी ती सुया ओवायला बसली. डबीतल्या सगळ्या ओवून झाल्या, तशी तिने शेजारच्या दुकानातून आणखी दोन पाकिटं आणली.

“अगं, एवढ्या कशाला? गाडी चुकेल,” बाबा म्हणाले. आणि सुयांच्या उशीवर बोटं फिरवत दोऱ्याचं टोक शोधू लागले.